वाचलेलं पाणी कुणाच्या घागरीतलं? २०१६ च्या दुष्काळातलं आमच्या मशिदीचं प्रकरण

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचं. गावाचं, मशिदीचं, माणसांचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही, कारण यातली बरीच माणसं अजून त्याच सफमध्ये, म्हणजे रांगेत, नमाजला उभी राहतात आणि मलाही तिथंच उभं राहायचंय. मी तेव्हा मशिदीच्या जमातीचा खजिनदार होतो, म्हणजे चंद्याची वही आणि टँकरच्या पावत्या माझ्याकडं. पोटापाण्याला शाळामास्तर.

लिहायचं कारण असं की इस्लाम आणि पर्यावरण म्हटलं की खलिफा (जमिनीवरचा अल्लाचा प्रतिनिधी), अमानत (सांभाळायला दिलेली ठेव), मिझान (तराजू, समतोल) हे तीन शब्द हमखास येतात, तेच तेच, आणि ऐकणारा सुभानअल्ला म्हणून तोटी तशीच चालू ठेवून निघून जातो. हे शब्द खरंच तोटीपर्यंत पोचवायला गेलं की काय काय होतं ते आम्ही बघितलं, आणि त्यात आम्ही एक मोठी चूकही केली. ती पण लिहितो.

पार्श्वभूमी

२०१४ चा पाऊस गेला, २०१५ चाही गेला. मांजरा धरण कोरडं पडलं, लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली, आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी. सगळ्या देशानं ती टीव्हीवर बघितली. आमचं गाव त्या वाटेवर नाही, त्यामुळं आमच्याकडं टीव्हीवालेही आले नाहीत आणि ते पाणीही नाही. नळाला वीस-बावीस दिवसांनी पाणी यायचं, तेही पाऊण तास.

मशीद जुनी आहे. आधी अंगणात हौद होता. हनफी मसल्यात, म्हणजे हनफी परंपरेच्या धर्मनियमांत, हौदाचा एक हिशेब आहे, दह-दर-दह, म्हणजे दहा हात बाय दहा हात; एवढा मोठा हौद असला तर थोडंफार काही पडलं तरी रंग, वास, चव बदलेपर्यंत पाणी पाकच, म्हणजे शुद्धच. हौदाच्या काठावर बसून ओंजळीनं वुजू करायचा, म्हणजे नमाजआधी हात, तोंड, पाय धुवायचे, वापरलेलं पाणी कडेच्या नालीत. ओंजळीनं किती घेणार माणूस? माझे अब्बा तसाच करायचे. नव्वदीत गावात पैसा आला तसा हौद बुजवला आणि त्याच जागेवर टाईल्सचा वुजूखाना झाला, चोवीस तोट्या, बसायला ग्रॅनाईटचे ओटे. उद्घाटनाला बिर्याणी होती. मीही खाल्लीय.

मशिदीचा पहिला बोअर चारशे फुटांचा, तो आटला. २०१५ मध्ये दुसरा साडेसातशे फूट मारला, त्यातून दहा मिनिटं पाणी आणि नंतर नुसती हवा. खरं तर शेतीला आणि कारखान्याला ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जाऊ नये असं राज्याचा भूजल कायदा म्हणतो, पण आमच्या भागात हजार फुटांचे बोअर सर्रास आहेत. बेसॉल्टचा खडक, त्याच्या पोटात भेगांमध्ये जेवढं मुरलंय तेवढंच, आणि ते सगळ्यांनी मिळून ओढलेलं.

आणखी एक गोष्ट, पुढं ती फार महत्त्वाची ठरली. मशिदीच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूनं एक नळ होता, जुन्या लोकांनी सवाबसाठी, म्हणजे पुण्यासाठी, लावलेला. त्यावर आमची गल्ली आणि शेजारची साळी गल्ली, दोन्हींतली मिळून चाळीसेक घरं पाणी भरायची. टंचाईत नियम एकच, सकाळी घरटी दोन घागरी. बाकीचं त्यांचं त्यांनी बघायचं.

अडचण

एप्रिलमध्ये मी वही घेऊन बसलो. रोज दोनशे-सव्वादोनशे वुजू मशिदीत व्हायचे, जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, वरून साडेतीनशे-चारशे. टँकर पाच हजार लिटरचा, अकराशे रुपये, तोही आगाऊ सांगून ठेवला तर. बाहेरच्या नळासकट महिन्याला सोळा-सतरा टँकर लागत होते. चंदा जमायचा अठरा-वीस हजार, त्यातून मौलाना आणि अजान देणारे बांगीचाचा यांचा पगार, लाईट बिल. म्हणजे पगार द्यावा तर पाणी नाही आणि पाणी घ्यावं तर पगार नाही. आणि जूनमध्ये रमजान. रमजानमध्ये असर (दुपारनंतर), मगरिब (सूर्यास्ताला), इशा (रात्री) आणि रमजानची खास तरावीह, या नमाजांना माणूस दुप्पट.

पर्याय काय काय निघाले

एका शनिवारी इशानंतर बैठक झाली. सगळे एकदम बोलत होते, मी जमेल तसं टिपून घेतलं.

सदरसाहेबांचं, म्हणजे अध्यक्षांचं, म्हणणं, बाहेरून मोठा चंदा आणू आणि टँकर वाढवू. पुण्या-मुंबईला आपली माणसं आहेत, देतील. दिलेही असते. पण टँकरवाला पाणी आणतो कुठून? पाच-सहा किलोमीटरवर एकाच्या शेतातला बोअर आहे, तिथून. म्हणजे आम्ही पैसे टाकले की तिथला बोअर आणखी लवकर आटणार, एवढंच.

दुसरा पर्याय हजार फुटांचा नवा बोअर. बोअरवाल्याचा नंबर खिशात घेऊनच एक जण आला होता. इथं मौलानांनी सहज एक गोष्ट सांगितली, मला ती नवीन होती. जुन्या फिक्हमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, विहिरीचा हरीम असतो, विहिरीभोवतीची राखीव जागा, आणि हनफी किताबांत जनावरांना पाणी पाजायच्या विहिरीभोवती चाळीस हात कुणी दुसरी विहीर खोदायची नाही असा हिशेब सांगितलाय, कशाला तर पहिल्या विहिरीचं पाणी पळू नये म्हणून. आमच्या गल्लीत दोन बोअरमध्ये वीस फूट अंतर नाही. सगळे गप्प बसले, पण नंबर काही फाडला नाही कुणी.

तिसरा पर्याय, बाहेरचा नळ बंद. याला पाठिंबा जास्त होता हे मान्य करतो. "पहले मस्जिद का, बाद में मुहल्ले का." यावर अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, निघाली, पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत मुसलमान भागीदार असतात. लगेच एकानं विचारलं, पण हे पाणी तर आम्ही विकत घेतलेलं, भांड्यात आलेलं पाणी मालकीचं होतं ना? मसल्याच्या दृष्टीनं बरोबर होतं त्याचं. मौलाना म्हणाले, मालकीचं होतं, पण तहानलेल्याला नाही म्हणायची इजाजत त्यातून निघत नाही. नळ बंद करायचा नाही एवढं तिथं ठरलं.

एका तरुणानं तयम्मुम सुचवला, म्हणजे पाण्याऐवजी मातीवर हात मारून ते चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवायचे. काहीजण हसले, पण प्रश्न गंमतीचा नव्हता. मसला असा की पाणी आहे पण ते पिण्याला लागणारं आहे, तुमच्या, सोबतच्या माणसाच्या किंवा अगदी जनावराच्या तहानेचं आहे, तर ते पाणी वुजूला न घेता तयम्मुम करायची मुभा आहे. म्हणजे तहान आधी, वुजू नंतर. मला वाटतं त्या रात्री बोलली गेलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट होती आणि आम्ही ती दहा मिनिटांत बाजूला ठेवली, कारण मौलाना म्हणाले की पाणी थोडक्यात भागवता येत असेल तोपर्यंत ती वेळ आलेली नाही.

पुण्यात नोकरी करणारा एक इंजिनिअर पोरगा सुट्टीला आला होता. त्याचं म्हणणं, वुजूचंच पाणी फिल्टर करून परत वुजूला वापरू, सौदीच्या मोठ्या उलेमांच्या मंडळानं १९७८ मध्येच शुद्ध केलेलं सांडपाणी चालतं असं सांगितलंय. खरंय, सांगितलंय. पण तिथं अट अशी की रंग, वास, चव काहीही राहता कामा नये इतकं शुद्ध करायचं. आमच्याकडं होते दोन ड्रम आणि वाळू.

शेवटी उरला सगळ्यात सोपा आणि फुकटचा पर्याय. वुजू घरून करून या.

पहिला निर्णय, आणि तो कसा फसला

फलक लागला, "वुजू घर से करके तशरीफ लाएँ". शरियतच्या दृष्टीनं यात काही वावगं नाही, उलट घरून वुजू करून मशिदीला चालत जाण्याचा सवाब जास्त सांगितलाय. बांगीचाचांनी अर्ध्याच्या वर तोट्या तारेनं बांधून टाकल्या. तीन आठवड्यांत टँकर निम्म्यावर आले. मी वहीत लाल पेननं शिल्लक लिहिली आणि दोनतीन जणांना मोबाईलवर पाठवली पण.

मग एका दुपारी जोहरच्या आधी घरी आलो, मोरीत बसलो, घागरीतून तांब्या भरला. भाभी, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको, दारात उभी होती. काही बोलली नाही, नुसतं भिंतीकडं बोट केलं. मोरीबाहेरच्या भिंतीवर खडूच्या रेघा होत्या, माझ्याच शाळेच्या पिशवीतला खडू, चार उभ्या आणि एक आडवी, चार उभ्या आणि एक आडवी. आधी रोज नऊ घागरी लागायच्या. फलक लागल्यापासून तेरा. घरात पाच पुरुष, पाच वेळची नमाज. बाहेरच्या नळाच्या दोन घागरी सोडून बाकीच्या अकरा ती आणि माझी पुतणी पहाटे चारला उठून पाऊण किलोमीटरवरच्या हातपंपावरून आणत होत्या, तिथं नंबर लावून.

"मस्जिद का टँकर बचा, हमारा सर गया," एवढंच म्हणाली.

मला उत्तर नव्हतं. मशिदीचा खर्च कमी झाला होता, पाण्याचा नाही. तो टँकरवरून उचलून आम्ही बायकांच्या डोक्यावर ठेवला होता आणि त्यांना विचारलंही नव्हतं. बैठकीला अकरा माणसं होती, त्यातल्या एकानंही गेल्या दहा वर्षांत घागर उचलली नसेल. माझ्यासकट.

फक्त एक गोष्ट त्या रेघांमधूनच कळली. पाच माणसांच्या वुजूला घरात चार घागरी वाढल्या, म्हणजे साठ लिटर. भागाकार केला तर एका वुजूला अडीच लिटरच्या आसपास. मशिदीत तोटीखाली यापेक्षा बरंच जास्त जात असणार. किती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मौलानांच्या हुजऱ्यात (खोलीत)

आमचे मौलाना मूळचे बिहारचे, नदीकाठचे. त्यांच्या गावाला पुराची भीती, दुष्काळ म्हणजे काय ते त्यांनी इथंच बघितलं. मी त्यांना म्हटलं, जुम्म्याला पर्यावरणावर जोरदार बयान, म्हणजे प्रवचन, करा. कुराणातल्या सूरह बकरा या अध्यायाची तिसावी आयत, म्हणजे वचन, जमिनीवर खलिफा नेमतोय ती. अहजाबमधली अमानतची, जी आसमान, जमीन आणि पहाडांनी उचलायला नकार दिला आणि माणसानं उचलली. रहमानमधली मिझानची, तराजूत गडबड करू नका. रूमची एकेचाळिसावी, माणसांच्या हातच्या कमाईनं जमिनीवर आणि समुद्रात फसाद माजला. मी यादीच काढून नेली होती, मास्तर ना.

ते म्हणाले, हे सगळं मी गेल्या वर्षी पण सांगितलंय. लोक रडले पण. नंतर वुजूखान्यात जाऊन बघितलं तर तोट्या तशाच.

मग मी नदीवाली हदीस काढली, वाहत्या नदीकाठी असलास तरी वुजूत पाणी वाया घालवू नको, ही सगळ्यांना पाठ असते, पोस्टरवर असते. मौलाना म्हणाले ती इब्ने माजाच्या संग्रहातली आहे, अर्थ चांगलाय, पण सनद, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकली ती साखळी, कमजोर सांगितली जाते, एखादा शिकलेला उभा राहून तेवढंच धरून बसेल आणि मूळ मुद्दा राहून जाईल. त्यापेक्षा बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांतली पक्की हदीस घे, पैगंबरांचे सोबती हजरत अनस सांगतात की रसूलुल्लाह एक मुद पाण्यात वुजू करायचे आणि एक साअ (चार मुद) ते पाच मुदमध्ये गुस्ल, म्हणजे अंघोळ. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापात पाऊण लिटरच्या जवळपास, हनफी हिशेबानं थोडं जास्त. यात भाषण नाही, माप आहे. माप लोकांसमोर ठेव, बाकी त्यांचं ते बघतील.

खरं सांगायचं तर मला तेव्हा हे फारच कोरडं वाटलं होतं. मला मिझानची आयत हवी होती. नंतर लक्षात आलं की ते मिझानचंच सांगत होते, तराजू काढ म्हणत होते.

फलक काढण्यावरून मात्र वाद झाला. सदरसाहेब म्हणाले तीन आठवड्यांत काढला तर लोक हसतील. शेवटी बांगीचाचांनी रंगकामाच्या निमित्तानं काढला आणि परत लावला नाही.

बादली लावली

पुढच्या जुम्म्याच्या आधी दहावीची दोन पोरं घेऊन मी वुजूखान्यात बसलो. तोटीखाली बादली, मापाचा जग, वही. एका दिवसात चौतीस वुजू मोजले. सगळ्यात कमी दोन लिटर, एका म्हाताऱ्या शिंप्याचा, तो तोटी उघडायचा, ओंजळ भरायची, बंद करायचा, हौदाच्या काळातली सवय. सगळ्यात जास्त अकरा लिटर, त्याचं नाव सांगत नाही पण तो कमिटीवर आहे. सरासरी साडेसहा लिटर. मसह करताना (डोक्यावरून ओला हात फिरवताना), बोटांमध्ये खिलाल करताना (बोटांच्या फटींत बोटं फिरवताना), मोजे काढताना, तोटी चालूच.

एक हाजीसाहेब चिडले, बरोबरच होतं, माणूस वुजूला बसलाय आणि पोरं त्याच्या पायाखालचं पाणी मोजतायत. "पानी अल्ला का है, तुम कौन नापनेवाले?" मौलाना पाठीमागंच होते. म्हणाले, "अपने बाप का नै है, इसीलिए तो नापना पड़ता."

जुम्म्याच्या बयानात मौलानांनी एक पाऊण लिटरचा डबा आणि एक भरलेली बादली मिंबरजवळ, म्हणजे प्रवचनाच्या जागेजवळ, ठेवली. दोन्हींकडं बोट करून एवढंच म्हणाले, ही सुन्नत (पैगंबरांची रीत) आणि ही आपली सवय. सहा मिनिटांत बयान संपलं, आयुष्यातलं सगळ्यात छोटं बयान.

नंतर दीड लिटरचे प्लास्टिकचे बधने, म्हणजे तोटीचे लोटे, आणले, चाळीस. दोन ड्रम भरून ठेवायचे, त्यातून बधना भरून घ्यायचा, लागलाच तर दुसऱ्यांदा थोडा. तोट्यांचा मेन कॉक बंद. तरुणांना आधी हे गावंढळ वाटलं, लाखभर रुपयांचा वुजूखाना आणि हातात बधना. म्हाताऱ्यांना मात्र फार आवडलं, त्यांना गुडघ्यांमुळं खाली वाकायला नको होतं, ते ओट्यावर बसून आरामात करायचे.

दोन टाक्या

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि हे सुचलं बायकांना. या वेळी आधी विचारायचं असं ठरवलं. मशिदीत बायकांची बैठक व्हायची सोय नाही, म्हणून गल्लीत एक आपा दुपारी मुलींना कुराण शिकवतात त्यांच्या घरी भाभी गेली, साळी गल्लीतल्या दोघी-तिघीही आल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. नळाला वेळ ठरवा, आणि पुरुषांनी वाचवलं म्हणता ते पाणी आम्हाला दिसू द्या.

दिसू द्या म्हणजे काय हे बैठकीत समजावून सांगायला मला दोन वेळा लागले. वरची मोठी टाकी एकच होती, तिच्यातूनच वुजूखाना आणि तिच्यातूनच बाहेरचा नळ, त्यामुळं आत कुणी कितीही वाचवलं तरी ते कुठं गेलं कळायचंच नाही. आम्ही हजार-हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या घेतल्या. एक वुजूची, एक गल्लीची. वुजूच्या टाकीला बाहेरून पारदर्शक नळी लावली, तिच्यामागं भिंतीवर लाल रंगानं शंभर-शंभर लिटरच्या खुणा. इशानंतर वुजूच्या टाकीत जेवढं उरेल ते बांगीचाचा कॉक फिरवून गल्लीच्या टाकीत सोडणार, आणि फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, सहा ते सात नळ चालू.

पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात माणसं इशानंतर नळीजवळ थांबायला लागली, आज किती उरलं. साडेतीनशे. आज चारशे. क्रिकेटचा स्कोर बघतात तसं. माझ्या वर्गातल्या एका पोराची आई त्या नळावर भरायची, तो फजरला बधन्यात अर्धंच पाणी घ्यायचा, आणि ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

वापरलेल्या पाण्याचं काय

इथं आम्ही थोडं जास्तच उत्साहात आलो. प्लंबर म्हणाला बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडून द्या, पाणी वाढेल. ऐकायला छान. गल्लीत भूजल खात्यातून रिटायर झालेले एक काका राहतात, ते धावत आले. तोंडात घेऊन चूळ भरलेलं, पाय धुतलेलं, साबणाचं पाणी थेट साडेसातशे फूट खाली सोडणार, आणि ते शेजाऱ्याच्या बोअरमधून वर येणार? वरून मुरलं तर माती गाळते, पाईपमधून सरळ गेलं तर कोण गाळणार? तो बेत तिथंच बंद झाला. त्यांनी अडवलं नसतं तर आम्ही सवाब समजून सगळ्यांचं पाणी घाण केलं असतं.

मग ठरलं कब्रस्तानातल्या झाडांना द्यायचं. यावर नवीन भानगड. एक चाचा म्हणाले, हदीसमध्ये आहे की वुजूच्या पाण्याबरोबर गुनाह झडतात, मग ते गुनाहवालं पाणी मय्यतीच्या अंगावर घालणार का? हसू नका, माणूस मनापासून विचारत होता, त्याचे आईवडील तिथं आहेत. दारुल इफ्तामधून, म्हणजे धार्मिक प्रश्नांवर निर्णय देणाऱ्या संस्थेकडून, लेखी फतवा मागवला. उत्तर आलं, वापरलेलं पाणी स्वतः पाक आहे, फक्त त्यानं परत वुजू होत नाही. झाडाला घालायला हरकत नाही. इस्तिंजाखान्याचं, म्हणजे लघवी-शौचाच्या जागेचं, पाणी त्यात मिसळता कामा नये. मौलानांनी चाचांना वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, झाडाला हिशेब द्यायचा नसतो, त्याला कुणाच्या गुनाहचं पाणी आलं याची फिकीर नाही.

नाली वेगळी केली, खडी-वाळूची एक टाकी, पुढं ड्रम, आणि हातगाड्यावरून कब्रस्तान. जुलैमध्ये तिथं कडुनिंबाची तीस रोपं लावली. मौलानांनी ती हदीस सांगितली, कयामत आली आणि हातात रोप असेल तर लावून टाका.

निकाल

सरासरी साडेसहावरून दोन लिटरच्या आसपास आली. एक मुदपर्यंत कुणी पोचलं नाही, शिंपीचाचा सोडून. रमजानमध्ये गर्दी दुप्पट असूनही वुजूला रोज हजार लिटरची एकच टाकी पुरली, पंचविसाव्या रोजाला सोडून, त्या दिवशी पाहुणे फार होते. सगळे मिळून महिन्याला टँकर सोळा-सतरापेक्षा कमी लागायला लागले, आणि गल्लीला घरटी दोनच्या तीन घागरी झाल्या. भाभीच्या रेघा आठवर आल्या. चौदा-पंधरा घरांनी तरीही हातपंप सोडला नाही, त्यांची गरजच जास्त होती, तीन घागरींनी काय होणार.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस असा कोसळला की मांजरा धरण भरलं. दिवाळीपर्यंत तोट्या परत चालू. कुणी ठरवलं नाही, कुणी बैठक घेतली नाही, कॉक कुणीतरी उघडला आणि तो उघडाच राहिला. २०१७ च्या उन्हाळ्यात मोजले तर चाळीसातले अकरा बधने शिल्लक, त्यातले चार बांधकामाच्या मालात सापडले. नंतर दाबायच्या तोट्या बसवल्या, आमच्या क्षाराच्या पाण्यानं आठ महिन्यांत त्यांच्या स्प्रिंगा गेल्या. खडी-वाळूची टाकी तर पहिल्याच पावसात गाळानं भरली, कारण अंगणातलं पावसाचं पाणी त्यातच येत होतं, ही माझी चूक, उतार मी बघितला नव्हता. तीस कडुनिंबांपैकी सतरा आहेत. त्यातले दोन-तीन आता सावली धरतील एवढे झालेत.

परत करायचं झालं तर

पहिल्याच बैठकीत पाणी भरणारी माणसं हवी होती. तीन आठवडे आम्ही चुकीच्या वहीत बचत लिहीत बसलो. मोजणी फलकाच्या आधी करायला हवी होती, तर घरून वुजूचा विषय निघालाच नसता. पोरांना बादली घेऊन बसवण्याआधी एकदा बांगीचाचांकडून सांगून ठेवलं असतं तर हाजीसाहेब दुखावले नसते, ते नंतर दीड महिना दुसऱ्या मशिदीत जात होते.

आणि बधन्यांवर विसंबायला नको होतं. माणसाची नियत टंचाईपुरती टिकते, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, माझीही तेवढीच टिकली. दोन टाक्या मात्र टिकाव धरण्यासारख्या होत्या, कारण त्यात नियत कमी आणि प्लंबिंग जास्त होतं. त्या आम्ही २०१९ मध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी काढल्या आणि परत बसवताना एकच बसवली. विरोध करायला मी त्या दिवशी हजर नव्हतो, शाळेची सहल होती, औरंगाबादची पाणचक्की दाखवायला पोरांना नेलं होतं. आता यावर काय बोलणार.

सध्या मशिदीच्या वाढीव बांधकामाचा नकाशा आलाय. छत्तीस तोट्या आहेत आणि टाकी एकच. शनिवारी इशानंतर बैठक आहे, नकाशाची एक झेरॉक्स मी आपांच्या घरी देऊन आलोय.